बिरोबापुढचं पोतं

आबासाहेबांनी पोत्याची सुतळी ओढली, पोतं टेबलावर उलटं केलं आणि बदाबदा पडली ती लोकर!

नुसती लोकर. काळी-करडी, गुंतलेली, काटेकुसळांसकट. पायमोजा एकही नाही!

बिरोबाच्या देवळापुढचा मांडव एकदम गप्प झाला. कर्ण्यावर तेवढी सनईची कॅसेट वाजत होती. ती बंद करायचंही कुणाला सुचेना.

"मोजे कुठंयत?" योगिनीनं मोठ्यांदा विचारलं. ती पाचवीत होती, आणि मनात आलेलं हळू आवाजात बोलायची तिला सवयच नव्हती.

"गप गं!" तिची मोठी बहीण राजलक्ष्मी कुजबुजली. पण प्रश्न तर सगळ्या गावाचाच होता.

अंथुर्ण्यात ही रीत दत्तोबांनी पाडलेली. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची कुटुंबं यायची, कालव्याकडेला पाचटाच्या कोप्या घालून राहायची. पहाटेच्या गारठ्यात आईबापांबरोबर लहान पोरंही अनवाणी फडात जायची. म्हणून गावानं त्या पोरांना लोकरीचे पायमोजे द्यायचे. ज्यांच्या घरी मेंढरं होती ते लोकर देत, बायका सूत कातत, आणि विणायचं काम दत्तोबांचं. दत्तोबा तरुणपणी पलटणीत होते. तिकडं बर्फात एका पहाडी शिपायानं त्यांना मोजे विणायला शिकवलं होतं. गावी परत आल्यावर सुया मिळेनात, तेव्हा त्यांनी सायकलच्या चाकातल्या तारा काढल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि त्यांच्याच सुया बनवल्या. त्यांच्या मोज्याची टाच अशी बसायची की पोरगं कितीही नाचलं तरी मोजा निसटत नसे.

आणि आता पोत्यात ही लोकर!

"दत्तोबा, हे काय?" आबासाहेबांनी विचारलं. आबासाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष आणि राजलक्ष्मी-योगिनीचे चुलते. गावात त्यांच्यावाचून काही होत नसे, आणि बरंच काही त्यांच्यामुळंच होता होता राहून जाई.

दत्तोबा उठून उभे राहिले. "मी विणल्यात समदं. काल सांजच्याला पोतं देवाम्होरं आणून ठिवलं. तुमी बघितलं की."

"मी पोतं बघितलं. आत काय होतं ते नाही बघितलं! डोळ्यात मोतीबिंदू आहे, विणायला जमत नाही, तर तसं सरळ सांगायचं ना! गावाची लोकर घ्यायची आणि आहे तशी परत कोंबून आणायची? पाहुण्यांपुढं नाक कापलं माझं!"

"मी विणल्यात," दत्तोबा पुन्हा तेवढंच म्हणाले.

"मग काय पंख फुटले त्यांना?"

दोघंतिघं हसले. दत्तोबा खाली बसले. त्यांचा नातू सिद्धू मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याचा चेहरा रागानं लालबुंद झाला होता.

तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. आबासाहेबांनी लगबगीनं माईक हातात घेतला. "मंडळी, वाटप उद्या सांजेला! बारामतीहून नायलॉनचे मोजे मागवतो मी. आणि हे लोकरीचं लचांड पुढल्या वर्षीपासून बंद!"

रांगेत सगळ्यांत पुढं भागू नावाची ऊसतोडवाल्यांची मुलगी उभी होती. तिच्या हातात गेल्या वर्षीचा मोजा होता. तो आता तिला अर्ध्या पावलापर्यंतच येत होता, पण माप दाखवायला म्हणून तिनं तो जपून आणला होता. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या.

"उद्या मिळत्याल का, ताई?" तिनं राजलक्ष्मीला विचारलं.

"मिळतील," राजलक्ष्मी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण शब्द देऊन बसलो!

* * *

सिद्धू घरी गेला तेव्हा दत्तोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी कनवटीच्या पिशवीतून सुया काढल्या आणि सिद्धूच्या हातात दिल्या.

"घे. फेकून दे न्हायतर कुठंबी घाल. आता ह्या हातानं विणायचं न्हाय."

"आज्या, पण तुमी तर…"

"जा म्हणलं ना!"

सिद्धू सुया घेऊन तडक देवळामागच्या चिंचेखाली आला. तिथं राजलक्ष्मी, योगिनी आणि इंद्रजित आधीच जमले होते. इंद्रजित हा त्या दोघींचा आतेभाऊ. तो बारामतीहून सुट्टीला आला होता आणि येताना एक भिंग घेऊन आला होता. त्या भिंगानं त्यानं आल्यापासून कोंबडीच्या पिसापासून आजीच्या दातापर्यंत सगळं तपासलं होतं.

"आजा म्हणतो आता विणायचंच न्हाय," सिद्धू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. "मी बघितलंय त्याला विणताना. समदं मोजं मीच पोत्यात भरल्यात. आन् लोकं हसत्यात त्याला!"

"रडू नको रे," राजलक्ष्मी म्हणाली. ती आठवीत होती आणि चौघांत मोठी. "मोजे गेले तर कुठंतरी असणारच. शोधू आपण."

"ही एखाद्या टोळीची कामगिरी आहे," इंद्रजित गंभीरपणे म्हणाला. त्यानं लोकरीचा एक पुंजका भिंगाखाली धरला होता. "मोजे पळवले आणि वजन तेवढंच वाटावं म्हणून लोकर भरली!"

"मोजे पळवणारी टोळी?" योगिनी खो खो हसली. "त्यांच्या पायाला थंडी वाजत असंल!"

"बारामतीत तरी असल्या टोळ्या हायत का?" सिद्धूनं नाक पुसत विचारलं आणि इंद्रजितच्या हातातली लोकर घेतली. हुंगली. बोटांनी चोळली. "ही गावची लोकर न्हाय. गावची समदी कवाच कातून झाली. ही परवादिशी कातरलेली असंल. बघ, बोटाला अजून तेल लागतंय."

राजलक्ष्मीनंही पुंजका हातात घेतला. त्यात तुरीची वाळकी पानं अडकली होती. "अरे! परवाच तर आमच्या तुरीच्या कडेला तात्याबांनी मेंढ्या कातरल्या. मी बांधावर बसून बघत होते!"

तात्याबा आणि त्यांची बायको फुलाबाई दरवर्षी मेंढरं घेऊन या बाजूनं जायचे. चार दिवस कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळायचं, मग पुढं. आज सकाळीच त्यांनी नरसिंहपुराकडं कूच केलं होतं.

"मंग ही देवाला वाहिलेली लोकर!" सिद्धू ताडकन उठला. "निघायच्या दिवशी धनगर बिरोबाला लोकर वाहतो. आन् गाव त्याला काहीबाही देतं. ज्वारी म्हणा, गूळ म्हणा. पर हातात द्यायचं न्हाय. देवाम्होरं ठिवायचं, आन् त्यानं देवानं दिलं म्हणून उचलून न्यायचं."

"मग यंदा गावानं काय ठेवलं?" इंद्रजितनं विचारलं.

राजलक्ष्मी हळूच म्हणाली, "ज्वारीचं पोतं ठेवायचं आबाकाकांकडं होतं. ते पोतं आमच्या पडवीतच आहे अजून. सकाळी मी त्याच्यावर बसून चहा प्यायले!"

"थांबा, थांबा!" योगिनी ओरडली. "मी सकाळी दात घासत होते ना, तेव्हा कर्ण्यावरनं आबाकाका बोलत होते. 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक दोन तीन… अहो, देवापुढचं पोतं तुमचंच, उचला आणि निघा… हॅलो, हॅलो!'"

"काय?"

"खरंच! मला वाटलं टेस्टिंगच आहे!"

"देवा रे!" राजलक्ष्मीनं कपाळावर हात मारला. "तात्याबा लोकर वाहायला आले. देवापुढं एकच पोतं होतं, मोज्यांचं. त्यांनी विचारलं असणार आमचं कुठलं, आणि काकांनी माईकमध्येच उत्तर दिलं!"

"म्हणजे अख्ख्या गावानं ऐकलं," इंद्रजित म्हणाला.

"आन् कुणीच ऐकलं न्हाय," सिद्धू म्हणाला.

ते धावतच आबासाहेबांकडं गेले. आबासाहेब फोनला चिकटले होते. बारामतीच्या दुकानदाराशी त्यांचं नायलॉनच्या मोज्यांवरून चाललं होतं.

"आबाकाका, सकाळी तुम्ही तात्याबांना सांगितलं का की देवापुढचं पोतं…"

"मी? मी कुणाला काही सांगितलं नाही! डोकं नका खाऊ… हॅलो! हां, तेच ते, पाठवून द्या. काळे? चालतील हो, कुठलेही पाठवा!"

"पण काका, कर्ण्यावरनं…"

"पोरांनो, मोठ्यांच्या कामात लुडबुड करायची नाही! गावाबाहेर पाऊल टाकलं तर तंगड्या मोडीन!"

झालं! चौघं तोंड पाडून बाहेर आले. राजलक्ष्मी मात्र उंबऱ्यात थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. आबासाहेबांचा आवाज पुन्हा फोनमध्ये चढला तशी ती परत आत गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आबाकाका, आम्ही उद्या सकाळी सायकली घेऊन तात्याबांच्या मागं जातो आणि मोजे घेऊन येतो. जाऊ ना?"

"हां, हां, जा! घेऊन या!" आबासाहेबांनी मान न वळवता हात हलवला. "हॅलो! हॅलो! ऐकू येतंय का?"

"नाही ना येत!" योगिनी दाराआडून म्हणाली आणि राजलक्ष्मीनं तिचं तोंड दाबलं.

* * *

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तीन सायकली कालव्याच्या भरावावरून निघाल्या. योगिनी ताईच्या कॅरिअरवर बसली होती. सिद्धूनं आजोबांच्या सुया फडक्यात गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधल्या होत्या.

"त्या कशाला आणल्यास?" इंद्रजितनं विचारलं.

"फेकून दे म्हणला आजा. मला फेकवंना."

हवेत चांगलाच गारठा होता. कालव्यातून वाफ निघत होती आणि फडाच्या कडेला तुरे आलेला ऊस उभा होता. ऊस संपला, कालवा वळला आणि समोर माळ लागला. कुसळी गवत पिवळं पडून वाऱ्यावर हलत होतं. इथं मात्र सायकली चालवणं म्हणजे कसरतच! गवतातले दगड दिसत नव्हते. इंद्रजित दोनदा पडला आणि दोन्ही वेळा "मी मुद्दामच उतरलो" असं म्हणाला.

सिद्धू पुढं होता. लेंड्या, खुरांच्या खुणा, बोरीच्या काट्याला अडकलेली लोकर, असं बघत तो चालला होता. मध्येच त्यानं हात वर केला. "श्शू! तकडं!"

दूर टेकाडावर एक लांडगा उभा होता. करडा, सडपातळ. त्यानं चौघांकडं एकदा बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून तो गवतात उतरून गेला.

"तो… तो परत येईल का?" इंद्रजितचा आवाज जरा बारीक झाला होता.

"त्यालाबी मेंढरंच पायजेत," सिद्धू म्हणाला. "म्हंजे आपण बरोबर वाटंवर हाय!"

थोड्या वेळानं त्यांना तात्याबांच्या रात्रीच्या मुक्कामाची जागा सापडली. तीन काळे दगड, कोमट राख आणि मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या खुंट्यांची भोकं. पण पुढं अडचण झाली. तिथून खुरांच्या दोन वाटा फुटल्या होत्या. एक ओढ्याकडं, एक सरळ माळावरून. दुसराही कुठला तरी कळप रात्री जवळच उतरलेला दिसत होता.

"आता?" राजलक्ष्मी हताश झाली. "चुकीच्या वाटेनं गेलो तर संध्याकाळपर्यंत परत पोचणार नाही."

इंद्रजित भिंग घेऊन ओढ्याच्या वाटेवर ओणवा झाला होता. "ए, इकडं या! ह्या कोकराला तीनच पाय आहेत!"

"झालं ह्याचं सुरू!" योगिनी म्हणाली.

"अगं, खरंच! हे बघ. एक खूर, दोन, तीन… आणि चौथ्या जागी नुसताच गोल ठसा!"

सिद्धू वाकला. ओलसर मातीत ओळीनं तसेच ठसे होते. तीन ठिकाणी दुभंगलेले नीट खूर, आणि चौथ्या ठिकाणी बटाट्याएवढा गोळा. सिद्धूनं इंद्रजितच्या हातातलं भिंग ओढून घेतलं. त्या गोळ्यात बारीक बारीक विणीच्या रेघा उमटल्या होत्या.

"मोजा!" तो किंचाळला. "कोकराच्या पायात मोजा हाय!"

"कोकराच्या पायात?" तिघंही एकदम ओरडले.

पुढं शंभर पावलांवर बोरीच्या फांदीला एक छोटा करडा मोजा लटकत होता. पुढच्या बाजूला भोक पडलेलं. सिद्धूनं तो उलटून टाचेवर बोट फिरवलं. "आज्याचीच टाच."

"इंद्रजितराव, तुमच्या भिंगाला आमचा नमस्कार!" राजलक्ष्मी म्हणाली. इंद्रजितनं काहीच नाही असं दाखवायचा प्रयत्न केला, पण त्याचे कान लाल झाले.

मग काय! चौघं ओढ्याच्या कडेनं सुसाट निघाले. वाटेत राजलक्ष्मीची सायकल पंक्चर झाली. ती एका वस्तीवर ठेवून योगिनीला इंद्रजितच्या कॅरिअरवर बसवलं, राजलक्ष्मी सिद्धूच्या मागं बसली. उन्हं चांगली वर आली तेव्हा पलीकडून घंटांचा आवाज आला, आणि पाठोपाठ दोन दांडगी कुत्री भुंकत अंगावर आली!

"सायकलवरनं उतरू नका! हलू नका!" सिद्धू ओरडला आणि त्यानं तोंडानं 'हुर्रर्र हुर्रर्र' असा आवाज काढला. कुत्री थबकली. इंद्रजित तर केव्हाचा हललाच नव्हता. त्यानं श्वासही घेतला नव्हता.

बाभळीखाली मेंढरं विसावली होती. आणि त्यांच्या मधून, टणाटणा उड्या मारत, लहान लहान कोकरं फिरत होती. प्रत्येकाच्या पायात लोकरीचे मोजे! कुणाच्या चारी पायांत, कुणाच्या तीन. एका पठ्ठ्यानं तर दुसऱ्याचा मोजा दातात धरून ओढायचं चालवलं होतं.

योगिनी हसून हसून खाली बसली. राजलक्ष्मीला हसू आवरेना. सिद्धूही हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

"आरं, दत्तोबाचा नातू नव्हं तू?" फुलाबाई पुढं आल्या. "हितं कसं रं पोरांनो? आन् रडतुयास का?"

राजलक्ष्मीनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता फुलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आगं बया! मी म्हणलं, गावाला आमच्या कोकरांची दया आली! पोतं उघाडलं तर ही बारकी बारकी मोजं, कोकराच्याच मापाची! रातच्याला कसला गारठा होता. म्हणलं देवानंच दिलं, घालावं त्यांच्या पायात!"

"मी ईचारलं व्हतं आबासाहेबास्नी," तात्याबा म्हणाले. त्यांच्या एका हातात चाती होती. बोलता बोलताही ती फिरत होती आणि लोकरीचा धागा निघत होता. "'देवाम्होरं एकच पोतं हाय, आमचं कंचं' म्हणून. ते म्हणलं, उचला. उचललं. म्या चोर न्हाय, पोरी."

"माहीत आहे, तात्याबा. पण गावात दत्तोबांना खोटं ठरवलंय."

चाती थांबली. तात्याबांनी ती कमरेला खोचली. "घोडं सोड गं. मी येतो ह्यांच्यासंगं. तू अन् कुत्री बसा मेंढरांपाशी."

मग कोकरांच्या पायातले मोजे काढायची धांदल उडाली. ते काम वाटतं तितकं सोपं नव्हतं! इंद्रजितनं एक कोकरू धरलं तर दुसऱ्यानं त्याला मागून ढुशी दिली. फुलाबाई प्रत्येक मोजा झटकून, कुसळं काढून सिद्धूकडं देत होत्या. बहुतेक मोजे पोत्यात तसेच कोरे होते, ते एक बरं.

शेवटी एकच कोकरू राहिलं. ते पहाटे जन्मलेलं आणि आई गेलेलं. फुलाबाईंनी ते पदरात घेतलं होतं आणि अजूनही ते थरथरत होतं. सिद्धूनं त्याच्या पायाला हात लावला. मग हात मागं घेतला.

"ह्याचं राहू द्या," तो म्हणाला.

"सिद्धू, मोजे कमी पडले तर?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"बघू तवा."

* * *

संध्याकाळी मांडव पुन्हा भरला होता. पाहुण्यांनी आज येत नाही असा निरोप धाडला होता. टेबलावर बारामतीहून आलेला खोका होता, आणि आबासाहेब डोकं खाजवत त्याच्याकडं बघत होते. खोक्यातले मोजे नायलॉनचे होते, काळे होते आणि साहेबलोक बुटात घालतात तेवढे मोठे होते! भागूनं एक घालून बघितला. तो तिच्या मांडीपर्यंत गेला आणि टाच पोटरीवर आली.

"वाढत्या अंगाचे आहेत," आबासाहेब म्हणाले.

"लग्नात घालंल ती!" गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या प्रयागबाई कडाडल्या. त्यांच्या जिभेला अख्खं गाव भिऊन असे.

तेवढ्यात घोड्याच्या टापा वाजल्या. पुढं घोड्यावर तात्याबा, त्यांच्यापुढं योगिनी, मागं धुळीनं माखलेले तिघं. सिद्धूच्या कॅरिअरवर पोतं!

सिद्धूनं पोतं टेबलावर उलटं केलं. मोज्यांचा ढीग पडला. करडे, काळे, पांढरे.

"मोजं!" रांगेतली पोरं ओरडली.

"सापडला!" आबासाहेब त्याहून मोठ्यांदा ओरडले. त्यांनी तात्याबांकडं बोट रोखलं. "चोर सापडला!"

तात्याबांचा चेहरा कसनुसा झाला. राजलक्ष्मी काही बोलणार, तोच योगिनीनं घोड्यावरून उडी टाकली आणि टेबलावरचा माईक उचलला.

"हॅलो, हॅलो! माईक टेस्टिंग, एक दोन तीन!" हुबेहूब आबासाहेबांचा सूर! "अहो, देवापुढचं पोतं तुमचंच, उचला आणि निघा! हॅलो, हॅलो!"

मग प्रयागबाई म्हणाल्या, "आगं व्हय की! म्या ऐकलं हे काल! शेण काढत व्हते!"

"मीबी!" "मीबी ऐकलं!" असं करत करत मांडवभर आवाज उठला. कर्णेवाला खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "मी तर बाजूलाच होतो. मला वाटलं, साहेबांची तसलीच टेस्टिंग असते!"

सगळे पोट धरून हसू लागले. आबासाहेबांनी एकदा तात्याबांकडं बघितलं, एकदा पडवीत राहिलेल्या ज्वारीच्या पोत्याची आठवण झाल्यासारखं वर बघितलं. मग त्यांनी योगिनीच्या हातातून माईक घेतला.

"मंडळी, चूक माझी," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज बारीक होता, तरी कर्ण्यामुळं सगळ्या गावाला ऐकू गेला. "तात्याबा, दत्तोबा, मला माफ करा. मी ऐकत नाही कुणाचं, हे खरंय. आणि तुम्हा चौघांना गावाबाहेर जायला कुणी परवानगी दिली?"

"तुम्हीच!" चौघं एका सुरात म्हणाले. "फोनवर होता तेव्हा!"

वाटप सुरू झालं. मोजे पटापट पोरांच्या पायांत गेले. भागू मात्र नायलॉनचा मोजा काढायच्या नादात रांगेत मागं मागं गेली आणि शेवटी राहिली. सिद्धूनं पोत्यात हात घातला. पोतं रिकामं होतं.

त्याला ते थरथरणारं कोकरू आठवलं. आणि भागू टाचा एकमेकींवर घासत त्याच्याकडं बघत होती.

"माझ्यामुळं," तो म्हणाला. "मी दोन जोड कोकराला ठिवून आलो."

दत्तोबा मांडवाच्या टोकाला बसले होते, ते उठून पुढं आले. त्यांनी भागूचा पाय हातात घेतला, बोटांनी टाच मोजली, पंजा मोजला.

"सिद्ध्या, सुया फेकल्यास का रं?"

सिद्धूनं सायकलच्या दांडीवरचं फडकं सोडलं आणि सुया त्यांच्या हातात दिल्या.

"लोकर कुठली आणायची आता?" राजलक्ष्मी म्हणाली.

"देवाम्होरं हाय की," तात्याबा म्हणाले. कालची लोकर अजून टेबलाखाली पडली होती. त्यांनी कमरेची चाती काढली. प्रयागबाईंनी आबासाहेबांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या मांडीवर लोकरीचा ढीग टाकला. "बस हितं. कुसळं काढ. आन् तोंड बंद ठिव."

अध्यक्ष कुसळं वेचत होते, तात्याबा कातत होते आणि दत्तोबा विणत होते. मोतीबिंदूचे डोळे त्यांनी मिटूनच घेतले होते. दिवेलागण झाली तरी मांडवातून कुणी उठलं नाही.

"हत्तीवरनं साखर वाटावी अशी पोरं हायती," प्रयागबाई चौघांकडं बघून म्हणाल्या. "ऐकत्यात, बघत्यात आन् पाय उचलत्यात. तुमा मोठ्यांना ह्यातलं एक येत न्हाय!"

पहिला मोजा झाला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. दत्तोबांनी तो स्वतः भागूच्या पायात घातला. "दुसरा सकाळच्याला. येशील का?"

भागूनं मान डोलावली आणि एक पाय मोज्यात, एक उघडा, अशी ती कोपीकडं पळाली.

सकाळी इंद्रजित भिंग घेऊन सिद्धूकडं आला. दत्तोबांच्या अंगणातल्या धुळीत ठसे उमटले होते. एका पावलाची पाच बोटं स्वच्छ दिसत होती आणि दुसऱ्याचा नुसताच गोल ठसा. ठसे थेट ओट्यापर्यंत गेले होते. आतून दत्तोबांचा आवाज येत होता, "आगं, अजून कोंबडाबी आरवला न्हाय! बस, टाचच राहिलीय."